चाळीस सेकंद आणि पंचेचाळीस दिवस

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचे पॅटर्नशॉप आहे. ओतकामाच्या धंद्याबाहेरच्या माणसाला हा शब्द उलगडून सांगावा लागतो, आणि पुढे जे सांगणार आहे त्याचा बराचसा भाग या उलगडून सांगण्याशीच निगडित असल्यामुळे ते आधीच करून टाकते. लोखंड वितळवून वाळूच्या साच्यात ओतायचे तर त्या वाळूत आधी वस्तूच्या आकाराची पोकळी उमटवावी लागते. ती उमटवण्यासाठी लाकडाची, ॲल्युमिनियमची किंवा रेझिनची जी प्रतिकृती लागते तिला पॅटर्न म्हणतात. आणि वस्तू आतून पोकळ हवी असेल तर साच्यात वाळूचा जो गाभा, म्हणजे कोअर, बसवावा लागतो, तो ज्या पेटीत घडवतात तिला कोअरबॉक्स म्हणतात. या दोन वस्तू आम्ही बनवतो. माझ्या वडिलांनी, आप्पांनी, त्या चाळीस वर्षे सागवानात बनवल्या. मी गेली नऊ वर्षे संगणकावर आराखडा करून व्हीएमसी या संगणकाने चालणाऱ्या कापयंत्रावर ॲल्युमिनियममध्ये कापते आहे.

आप्पांना काम मिळवण्यासाठी कुठे जावे लागत नसे. उद्यमनगरातल्या चहाच्या गाड्यावर सकाळी दहाला आणि दुपारी चारला उभे राहिले, की फौंड्रीवाले (म्हणजे ओतकामाचे कारखानदार), टर्नर, वेल्डर, भंगारवाले असे सगळे तिथेच भेटत. कुणाकडे कोणत्या पंपाचे नवे काम आले आहे, कुणाची भट्टी बंद पडली आहे आणि कुणाचा चेक परत आला आहे, हे सगळे दोन कटिंगच्या अवधीत कळत असे. पुढे फौंड्र्या शिरोलीला, गोकुळ शिरगावला आणि कागल–हातकणंगलेच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत गेल्या, मोठ्या झाल्या, त्यांच्यात खरेदी विभाग आले, आणि चौकशी ईमेलवर येऊ लागली. गाडा अजून जागेवर आहे. त्याच्यापाशी उभा राहणारा मालक मात्र आता तिथे नसतो.

२०२५ च्या मे महिन्यात माझ्या लक्षात आले, की आमच्या कामाचा जवळपास तीन चतुर्थांश भाग एकाच फौंड्रीकडून येतो आहे. लक्षात आले असे म्हणणे खरे तर प्रामाणिकपणाचे नाही, कारण ते मला दोन वर्षांपासून माहीत होते. फक्त त्या महिन्यात तिथल्या नव्या खरेदी अधिकाऱ्याने दरात बारा टक्के कपात मागितली आणि आधीच्या बिलाचे पैसे एकशेदहाव्या दिवशी आले, तेव्हा त्या माहितीची मला भीती वाटू लागली. आमच्या सीएंनी सुचवले, की शहरातल्या एका उद्योजक गटाचा दर महिन्याला सायंकाळी मेळावा होतो, तिथे जाऊन पाहा. निमंत्रणावर ‘बिझनेस नेटवर्किंग’ असे शब्द होते, जेवणासह आठशे रुपये शुल्क होते आणि प्रत्येक नव्या पाहुण्याला स्वतःची ओळख करून देण्यासाठी चाळीस सेकंद मिळतील अशी सूचना होती.

या प्रकाराबद्दल माझे मत चांगले नव्हते. सॅटर्डे क्लब या मराठी उद्योजकांच्या संस्थेचे ‘एकमेका साह्य करू, अवघे होऊ श्रीमंत’ हे घोषवाक्य मी कधीतरी वाचले होते आणि तुकोबांच्या ‘अवघे धरू सुपंथ’चे हे रूपांतर मला तेव्हा विनोदी वाटले होते. आता मात्र बारा टक्क्यांच्या कपातीचा ईमेल समोर असताना सुपंथाच्या आधी श्रीमंतीचा विचार करणाऱ्यांना हसण्याचा अधिकार आपल्याला उरलेला नाही, हे मान्य करून मी आठशे रुपये भरले.

चाळीस सेकंदांची तयारी करायला मला चार संध्याकाळी लागल्या. पहिल्या मसुद्यात मी आमच्याकडची यंत्रे, त्यांची अचूकता, स्प्लिट पॅटर्न, मॅचप्लेट, ड्राफ्टचा कोन असे सगळे भरले आणि ते आप्पांना वाचून दाखवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “हे कुणाला सांगालीयस? फौंड्रीवाल्याला हे सगळं ठाऊक हाय, आणि बाकीच्यांना त्याचं काय घेणं न्हाई.” मग त्यांनी कपाटातून आपली जुनी कॉन्ट्रॅक्शनची पट्टी काढून दिली. ओतलेले बीडाचे लोखंड थंड होताना साधारण एक टक्का आकसते. म्हणून पॅटर्न बनवणाऱ्याची पट्टी मुळातच तेवढी वाढवलेली असते, तिच्यावर शंभर मिलिमीटर लिहिलेले असते तिथे प्रत्यक्षात एकशेएक मिलिमीटर असतात. ही पट्टी दाखव आणि सांग, की आमच्या घरात खोटे माप चालते, असे त्यांचे म्हणणे होते. भरल्या सभागृहात असले काही बोलण्याची मला लाज वाटली आणि मी पट्टी घरीच ठेवली. दोनशे व्हिजिटिंग कार्डे मात्र छापून घेतली, आणि सीएंच्या आग्रहावरून त्यांच्या मागच्या बाजूला उद्यम नोंदणीचा, म्हणजे लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा, क्रमांकही टाकला.

मेळावा जुलै महिन्यात, महामार्गालगतच्या एका हॉटेलच्या सभागृहात होता. वेळ साडेसहाची होती, मी सहा पस्तीसला पोहोचले, आणि तिथे फक्त खुर्च्या मांडणारी दोन मुले आणि छातीवर लावायच्या नावाच्या पट्ट्या वर्णानुक्रमे लावत बसलेल्या एक बाई होत्या. लोक सातनंतर छत्र्या झटकत येऊ लागले. पहिला अर्धा तास हा या सगळ्या प्रक्रियेतला सर्वांत अवघड भाग आहे, असे मी आज तीन मेळाव्यांनंतरही म्हणेन. लग्नात निदान वधूपक्ष की वरपक्ष एवढे तरी सांगता येते. इथे अनोळखी घोळक्यापाशी जाऊन उभे राहायचे तर काय बोलून उभे राहायचे, हेच कळत नाही. मी भिंतीजवळ उभी राहून पाण्याचा पेला तीनदा भरला.

सुटका पंचगंगेने केली. कोल्हापुरात जुलै महिन्यात कोणत्याही अनोळखी माणसाला “राजाराम बंधाऱ्यावर किती फूट झालं?” असे विचारता येते आणि त्याला त्यात काहीही वावगे वाटत नाही, कारण एकोणचाळीस फुटांना इशारा पातळी आणि त्रेचाळीस फुटांना धोका पातळी हे इथल्या शाळकरी मुलालाही पाठ असते. शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थांना मी तेच विचारले आणि ते थेट २०१९ च्या ऑगस्टवर गेले, जेव्हा शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आले होते आणि ट्रकच्या रांगा काही दिवस जागच्या जागी उभ्या होत्या. त्यांच्या मालाने भरलेल्या दोन गाड्या त्या रांगेत होत्या. एवढ्यात एक विमा सल्लागार आमच्यात सामील झाले आणि पुराचे संरक्षण पॉलिसीत समाविष्ट आहे की नाही हे किती जणांनी तेव्हा पहिल्यांदा वाचले, ते सांगू लागले. विमावाल्यांचा मला एरवी कंटाळा आहे, पण त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही आणि दुसऱ्या दिवशी मी आमची पॉलिसी काढून वाचली, हे नमूद करायला हवे.

सभागृहाची रचना हळूहळू उमगत गेली. फौंड्रीचे आणि मशीनशॉपचे मालक दाराच्या उजवीकडे एकत्र उभे होते, ते एकमेकांना शाळेपासून ओळखत होते आणि त्यांना नव्या ओळखीची निकड दिसत नव्हती. उरलेल्या जागेत सोलर पॅनेल बसवणारे, वेबसाइट बनवणारे, सीए, बँकेचे कर्ज विभागातले अधिकारी, इंटिरिअर डिझायनर आणि आरोग्य विमा विकणारे मोठ्या उत्साहाने फिरत होते. म्हणजे विकणारे फिरत होते आणि विकत घेणारे स्थिर होते. अठ्ठावन्न उपस्थितांमध्ये आम्ही सात स्त्रिया होतो. मला “मिस्टर काय करतात?” असे चौघांनी विचारले. त्यांतल्या तिघांना मी सांगितले, की ते महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतात. चौथ्या वेळी मात्र राहवले नाही आणि पॅटर्नशॉप माझे आहे हे मी जरा चढ्या आवाजात सांगितले, तेव्हा त्या गृहस्थांनी अतिशय नम्रपणे “हो, हो, ते कार्डावर वाचलं मी” असे म्हणून मला खजील केले.

ओळखीच्या फेरीला सव्वासात वाजता सुरुवात झाली. एक सदस्य घड्याळ लावून बसले होते आणि चाळीसाव्या सेकंदाला पूजेतली लहानशी घंटी वाजवत होते. हिशेबाने अठ्ठावन्न जणांना एकोणचाळीस मिनिटे पुरायला हवी होती. प्रत्यक्षात तासाहून थोडा अधिक वेळ लागला, कारण घंटी वाजल्यानंतरही वाक्य पुरे करण्याची मुभा घ्यावी असे प्रत्येकाला वाटत होते. या तासात मी एक निरीक्षण केले. “आम्ही उत्तम सेवा, योग्य दर आणि वेळेवर पुरवठा यांसाठी ओळखले जातो” असे सांगणारे बारा-तेरा जण होते आणि त्यांतला एकही आज मला आठवत नाही. एक जण म्हणाला, की जयसिंगपूर ते निपाणी या पट्ट्यात कुणाचाही कॉम्प्रेसर रात्री बंद पडला तर मी दुरुस्तीला जातो, दिवसा मात्र मला फोन करू नका, कारण दिवसा मी झोपतो. त्याचे नाव, गाव आणि चेहरा तिन्ही लक्षात आहेत, आणि माझ्याकडे कॉम्प्रेसर असल्यामुळे त्याचा क्रमांकही आहे.

माझी पाळी आली तेव्हा मी पाठ केलेले सगळे धडाधड म्हणून टाकले. पंचवीस सेकंदांतच संपले. उरलेल्या पंधरा सेकंदांत काय बोलावे हे न सुचल्यामुळे मी “धन्यवाद” म्हणून खाली बसले आणि घंटीवाले सदस्य घंटी हातात धरून जरा वेळ माझ्याकडे पाहत राहिले. आप्पांची पट्टी आणली असती तर त्या पंधरा सेकंदांत शंभराचे एकशेएक कसे होतात एवढे नक्की सांगून झाले असते.

त्यानंतर एका सीएंचे व्याख्यान होते आणि त्या संध्याकाळी सभागृहातली खरी हालचाल या व्याख्यानात झाली. विषय होता लहान पुरवठादारांना वेळेत पैसे देण्याचा. यातला मूळ कायदा नवा नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्यातच असे म्हटले आहे, की सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून घेतलेल्या मालाचे पैसे लेखी ठरलेल्या मुदतीत द्यावेत, ती मुदत पंचेचाळीस दिवसांपेक्षा जास्त असू नये, आणि लेखी काही ठरलेच नसेल तर पंधरा दिवसांत द्यावेत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागू होते. हे व्याज मागण्याचा हक्क मला इतकी वर्षे होता आणि मी तो एकदाही वापरला नव्हता, कारण ज्याच्याकडून तीन चतुर्थांश काम येते त्याच्याकडे व्याज मागणारा पुरवठादार पुढच्या महिन्यात त्याचा पुरवठादार राहत नाही. फरक पडला तो १९६१ च्या आयकर कायद्यातल्या ४३ब या कलमात ‘एच’ हे उपकलम आल्यामुळे. ते १ एप्रिल २०२४ पासून अमलात आले आणि त्यानुसार मुदतीत न दिलेली अशी रक्कम मार्चअखेरीस थकीत असेल, तर त्या वर्षीच्या नफ्यातून ती वजा होत नाही. प्रत्यक्ष देईल त्या वर्षी वजा होते. थोडक्यात, माझे पैसे अडवणाऱ्याला त्या पैशांवर आधी आयकर भरावा लागतो.

व्याख्याते हे सांगत असताना उजवीकडच्या घोळक्यात जी कुजबुज झाली ती ऐकण्यासारखी होती. कारण त्या सभागृहात जवळजवळ प्रत्येक जण एकाच वेळी अडवणारा आणि अडलेला असा दोन्ही होता. फौंड्रीवाला माझे पैसे थकवतो, कारण त्याचे पैसे ट्रॅक्टरची आणि ट्रकची मोठी कंपनी थकवते. आणि मी माझ्या बोर्डच्या आणि ॲल्युमिनियमच्या व्यापाऱ्याचे पैसे थकवते, हे मी त्या क्षणी कुणाला सांगितले नाही एवढेच. एका फौंड्रीमालकांनी उठून विचारले, की आम्हाला हे संरक्षण मिळणार का. व्याख्यात्यांनी सांगितले, की १ एप्रिल २०२५ पासून व्याख्येच्या मर्यादा वाढल्या आहेत. यंत्रसामग्रीतली गुंतवणूक पंचवीस कोटींपर्यंत आणि उलाढाल शंभर कोटींपर्यंत असलेला कारखाना आता लघु उद्योग गणला जातो, त्यामुळे इथे बसलेल्या बहुतेकांना आपल्या ग्राहकाविरुद्ध हेच कलम वापरता येईल. त्यावर मागून कुणीतरी “वापरून बघा की, मग सांगा” असे म्हणाले आणि सगळे हसले. हसण्यात सगळ्यांचा आवाज सारखा होता.

मग एका चप्पलविक्रेत्या व्यापाऱ्यांनी तक्रारीच्या सुरात विचारले, की आम्ही पण लहानच आहोत, मग आम्हाला हे का नाही. खरेदी करून विकणाऱ्या व्यापाऱ्याची उद्यम नोंदणी होत असली तरी पैसे मिळण्याच्या मुदतीचे हे संरक्षण त्याला मिळत नाही, ते उत्पादकाला आणि सेवा देणाऱ्याला मिळते, असे उत्तर आले. ते त्यांना पटले नाही आणि ते का पटावे हेही मला कळले नाही. व्याख्यात्यांनी शेवटी एक गोष्ट सांगितली ती मात्र मी कार्डाच्या कोऱ्या जागेवर लिहून घेतली: हे कलम मार्चअखेरच्या थकबाकीलाच बोचते, म्हणून एप्रिल ते डिसेंबर या काळात कुणी त्याच्या धाकाने पैसे देईल अशी आशा ठेवू नका. मला लगेच आठवले, की गेल्या मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मला एकाच दिवशी तीन जुनी येणी मिळाली होती आणि मी ती माझी पुण्याई समजले होते.

जेवणाच्या वेळी, हातात ताट असताना, लोक जास्त खरे बोलतात असे मला वाटते. कदाचित कार्ड काढायला हात मोकळा नसतो म्हणून असेल. तेच चप्पलविक्रेते व्यापारी माझ्या शेजारी आले. प्राडा या इटालियन कंपनीने जून महिन्यात मिलानमधल्या प्रदर्शनात कोल्हापुरी चपलांसारख्याच चपला दाखवल्या आणि त्यांच्या मूळ गावाचा उल्लेख केला नाही, यावरून तेव्हा देशभर गदारोळ चालू होता, त्यामुळे त्यांच्याभोवती गर्दी होती. २०१९ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी आहे, हे ते प्रत्येकाला न थकता समजावून सांगत होते. गर्दी ओसरल्यावर त्यांनी मला विचारले, “ताई, तुम्ही पॅटर्न करता म्हणालात, तर आमचे करून द्याल का?” मी त्यांना सांगू लागले, की आमचे पॅटर्न वाळूत दाबायचे असतात. ते म्हणाले, की ते काही का असेना, माझ्याकडे तळ कापण्याचे पुठ्ठ्याचे नमुने आहेत, ते कडेला झिजतात आणि मग सात नंबरची चप्पल कधी सात भरते, कधी साडेसहा. ते कुणी न झिजणाऱ्या पत्र्यात अचूक कापून देईल का. चाळीस सेकंदांत मी जे काही बोलले होते त्यातला फक्त ‘पॅटर्न’ हा एक शब्द त्यांनी ऐकला होता आणि तोही चुकीच्या अर्थाने. पण काम माझ्या यंत्राला जमण्यासारखे होते.

दुसरी भेट मला जास्त महत्त्वाची वाटली. हातकणंगले तालुक्यात मध्यम आकाराची फौंड्री असलेले एक गृहस्थ भाताच्या रांगेत माझ्या पुढे होते. त्यांना कार्ड देण्याऐवजी, खरे तर हात मोकळे नव्हते म्हणूनच, मी विचारले, की सध्या तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो. ते म्हणाले, की व्हॉल्व्हच्या एका बॉडीत शंभरातले अकरा नग नापास होतात, एका बाजूची भिंत जाड आणि दुसरी पातळ येते. म्हणजे साच्यात कोअर सरकत होता. मी विचारले, की कोअरप्रिंटची, म्हणजे कोअरची टोके साच्यात जिथे टेकतात त्या जागेची, लांबी किती आहे, आणि कोअर जागेवर राहावा म्हणून तुम्ही चॅपलेट घालता का. ते म्हणाले, घालतो, पण मग दाबाच्या चाचणीत नेमके तिथून पाणी पाझरते. चॅपलेट म्हणजे कोअरला टेकू देणारा धातूचा छोटा तुकडा. तो वितळलेल्या लोखंडात नीट एकजीव झाला नाही तर तिथे गळती राहते. आम्ही ताटे बाजूला ठेवून कागदी रुमालावर चित्र काढले. दहा मिनिटे झाली तेव्हा भात गार झाला होता आणि त्यांनी आपणहून सांगितले, “बुधवारी या की एकदा, कोअरबॉक्सच दाखवतो.”

दहा वाजता मी गाडीपाशी आले तेव्हा पाऊस जरा थांबला होता. एक वयस्कर कारखानदार माझ्या मागून येत होते. त्यांनी छातीवरची नावाची पट्टी काढून खिशात ठेवली आणि “तू उद्यमनगरातल्या मेस्त्रींची मुलगी नव्हं?” असे विचारले. मग पाच मिनिटे उभे राहून त्यांनी मला ते सांगितले, जे साडेतीन तासांत माइकवरून कुणीही सांगितले नव्हते: माझे कार्ड उत्साहाने मागून घेणाऱ्यांपैकी कोण काम भरपूर देतो आणि पैसे मागायला लावतो, कोण दर घासतो पण आठवड्यात पैसे देतो, कुणाचा कारखाना विक्रीला निघाला आहे आणि म्हणून तिथे नवा पॅटर्न कितीही गोड बोलून मागितला तरी आगाऊ रक्कम घेतल्याखेरीज करू नये. चहाच्या गाड्यावरची ती माहिती नाहीशी झालेली नव्हती, पार्किंगमध्ये स्थलांतरित झाली होती. घरी येऊन मी मोठ्या कौतुकाने आप्पांना त्या गृहस्थांचे नाव सांगितले. आप्पा म्हणाले, “माणूस चांगला हाय. माझे नऊ हजार राहिल्यात त्याच्याकडं, शहाण्णव सालापास्नं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडे तेवीस कार्डे होती. प्रत्येकाच्या मागे मी आठवेल ते लिहून काढले, आणि ज्यांच्या मागे लिहायला काहीच सुचले नाही ती चौदा बाजूला ठेवली. उरलेल्या नऊ जणांना मी चार दिवसांच्या आत फोन केले. चौघांनी नीट बोलणे केले, दोघांनी पुन्हा करा म्हटले, एकाने मला ओळखलेच नाही आणि उरलेल्या दोघांनी मला सोलर पॅनेल विकण्याचा प्रयत्न केला. उलट दिशेने, म्हणजे माझे कार्ड घेतलेल्यांकडून, एकच फोन आला, तो रात्री कॉम्प्रेसर दुरुस्त करणाऱ्याचा. त्याला फक्त माझा कॉम्प्रेसर कोणत्या बनावटीचा आहे हे नोंदवून ठेवायचे होते. एवढ्या पद्धतशीर माणसाने दिवसा झोपू नये असे मला वाटून गेले.

चप्पलविक्रेत्यांना मी अकरा मापांचे ॲल्युमिनियमचे पत्रे कापून दिले. काम लहान होते, पण त्यासाठी त्यांच्या एका कारागिराबरोबर दीड दिवस बसावे लागले, कारण पुठ्ठ्याचे नमुने इतके झिजलेले होते, की मूळ माप कोणते हे त्याच्या हातालाच ठाऊक होते. पैसे त्यांनी पत्रे ताब्यात घेताना तिथेच मोजून दिले. स्वतःला येणाऱ्या पैशांना कायद्याचे संरक्षण नाही असे सभेत तक्रारीने सांगणारा माणूस देणे मात्र जागेवर चुकते करतो, याची गंमत वाटली.

हातकणंगल्याला मी ठरलेल्या बुधवारी गेले. कोअरबॉक्स आठ वर्षे जुना होता आणि त्याच्या कडा इतक्या घासल्या होत्या, की त्यातून निघणाऱ्या कोअरची टोके आपल्या जागेत सैल बसत होती. शिवाय मूळ आराखड्यातच कोअरप्रिंट आखूड होते. पॅटर्नमध्ये थोडा बदल आणि नवा कोअरबॉक्स असा प्रस्ताव मी दिला, त्यावर तीन आठवडे काहीच उत्तर आले नाही, मग एकदम उद्याच पाहिजे असा फोन आला. ऑगस्टच्या अखेरीस चाचणीचे नग ओतले. नापास नगांचे प्रमाण शंभरात चारवर आले; ते चार वाळूच्या दोषाचे होते आणि त्यात माझा हात नव्हता, असे माझे म्हणणे आहे, त्यांचे तसे नाही.

ऑर्डर देण्याआधी मी त्यांना, आवाज शक्य तितका सहज ठेवून, पैसे देण्याची मुदत ऑर्डरवर लिहून द्याल का, असे विचारले होते. ते हसले. “त्या दिवशी मीही होतो की व्याख्यानाला. लिहून दिलं तर पंचेचाळीस दिवस, नाही दिलं तर पंधरा. म्हणजे लिहून देणं माझ्याच फायद्याचं आहे,” असे म्हणून त्यांनी ऑर्डरच्या तळाशी हाताने ‘४५ दिवस’ लिहिले आणि सही केली. आमच्या पॅटर्नशॉपच्या इतिहासात मुदत लिहिलेली ही पहिली ऑर्डर आहे. सप्टेंबरच्या मेळाव्याला मी आप्पांची पट्टी घेऊन गेले आणि शंभराचे एकशेएक कसे होतात ते सांगितले. त्यावर दोन सीए आणि एक दंतवैद्य बराच वेळ माझ्याशी बोलत राहिले, फौंड्रीवाला मात्र एकही आला नाही.

हातकणंगल्याचे पैसे बावन्नाव्या दिवशी आले. मुदत संपण्याच्या आदल्या संध्याकाळी मालकांनी स्वतः फोन करून सांगितले होते, की पुढून एक पेमेंट अडकले आहे, दोन दिवस जास्त झाले तर समजून घ्या. दोनाचे सात झाले होते, पण फोन आला होता. बँक दराच्या तिप्पट दराने सात दिवसांचे व्याज किती होते ते मी वहीत मांडून पाहिले, आणि मग ॲल्युमिनियमच्या व्यापाऱ्याची थकलेली रक्कम त्याच दुपारी पाठवून दिली.